चव्वेचाळीस नंबरचा बिल्ला

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळतोय हेसुद्धा विसरून गेलो होतो.

माझ्या टीबीची गोष्ट मी तशी पुष्कळांना सांगितली आहे. निगडीत आमच्या घराजवळ एक दवाखाना आहे. गोळ्या नुकत्या सुरू झालेली माणसं तिथे घाबरून बसलेली असतात, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाई मला निरोप धाडतात. मी काठी टेकत जातो आणि सांगतो, माझ्याकडे बघा, हे दुखणं मला भर तरुणपणी झालं होतं, आणि आज मी नातवंडं खेळवतो. लोकांना धीर येतो. पण त्या गोष्टीतला एक भाग मी प्रत्येक वेळी गाळत आलो. आधी नोकरी जाईल म्हणून, नंतर बायकोला काय वाटेल म्हणून, आणि ती गेल्यावर नुसत्या सवयीनं.

परवा नातीनं मोबाइल माझ्यासमोर धरला. अकरा वाजून अकरा मिनिटं झाली होती. म्हणाली, "आजोबा, पटकन काहीतरी मागा. मला हल्ली सारखी हीच वेळ दिसते." मी तिच्यावर असा खेकसलो की पोर गोंधळून आत निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्याएवढा असताना माझाही एक आकडा होता. त्याचं काय झालं ते तिला दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझा आकडा

पन्नास-साठच्या मधली वर्षं. साताऱ्याकडून मी चिंचवडला आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी होती, पिंपरीला निर्वासितांची छावणी होती आणि मधूनच एखाद्या कारखान्याची नवी भिंत उठत होती. अशाच एका कारखान्यात मी टाइम ऑफिसात कारकून म्हणून लागलो. फाटकातून आत आलेला कामगार एका फळीवरचा आपला पितळी बिल्ला काढायचा आणि समोरच्या फळीवर टांगायचा. भोंगा झाला की कोणाचा बिल्ला अजून जुन्याच फळीवर आहे ते पाहून मी गैरहजेरी लावायचो. उशिरा येणाऱ्या दोस्ताचा बिल्ला दुसऱ्यानंच टांगला, असे प्रकार व्हायचे. असे मी कितीतरी पकडले आणि साहेबापुढे उभे केले. बिल्ला म्हणजे माणूस, असं त्यांना वर ऐकवायचो.

माझा स्वतःचा बिल्ला चव्वेचाळीस नंबरचा होता. मुलाखतीच्या दिवशी हातात मिळालेली चिठ्ठीही चव्वेचाळीसची होती. आम्ही भाड्यानं घेतलेल्या खोलीच्या दारावर मलेरियाची फवारणी करणाऱ्यांनी गेरूनं आकडा लिहून ठेवला होता, तोही तोच. पुढे मुलगी झाली ती चार तारखेला, सूतिकागृहातल्या चौथ्या खाटेवर. मग मात्र मला शंका उरली नाही. मी आकडा शोधायला लागलो आणि तो सापडायला लागला. मालगाडीच्या डब्यावर, रेशनच्या रांगेत, गाडीला उशीर झाला तर त्या मिनिटांत. टाइम ऑफिसातले लोक मला चव्वेचाळीसराव म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं.

माझी बायको इंदू एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुम्ही तोच शोधता म्हणून तोच दिसतो. मी उद्यापासून बत्तीस शोधते, बघा दिसतो का नाही." मी हसलो. मनातून मात्र तिची कीव केली. परक्या मुलखात कोणाची ओळख ना पाळख, अशा वेळी कुणीतरी वरून आपल्यावर खास नजर ठेवून आहे असं वाटणं ही फार मोठी चैन होती. ती मला सोडवत नव्हती.

छातीचा फोटो

खोकला पावसाळ्यात लागला आणि दिवाळी झाली तरी गेला नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. एकदा टाइम ऑफिसात ठसका आला, तोंडावरून रुमाल काढला तर त्यावर लाल ठिपका. तो मी घडीत दडवला, पण शेजारच्यानं पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं आपली खुर्ची खिडकीकडे सरकवली.

पुण्याला जाऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर ती काळी प्लेट उजेडाला धरून आम्हा दोघांना समजावत होते. कुठे डाग आहे, किती महिने पडून राहावं लागेल, लहान मूल घरात असेल तर ते लांब कसं ठेवायचं. इंदू डोळ्यांना पदर लावून एकेक शब्द ऐकत होती. मी प्लेटच्या कोपऱ्यातला क्रमांक वाचत होतो. शेवटचे दोन अंक चार आणि चार होते. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? मी म्हणालो, "ऐकलं. नंबर चांगला आहे."

स्टेशन येईपर्यंत ती माझ्या पुढे पुढे चालत गेली.

घरात माझं ताट-भांडं वेगळं झालं. घरमालकीणबाईंनी नळावर यायचं नाही असं सांगितलं; इंदू ओढ्यावरून पाणी आणू लागली. माहेरी तिनं मला विषमज्वर झाल्याचं कळवलं. टीबी म्हटलं असतं तर भाऊ येऊन तिला आणि मुलीला घेऊन गेला असता, आणि तिला जायचं नव्हतं. कारखान्यानं जागा काही महिने राखून ठेवतो, पुढचं पुढे, असं सांगितलं. त्या "पुढचं पुढे"ची भीती मला रोगापेक्षा जास्त होती.

वॉर्ड

सॅनिटोरियम गावाबाहेर माळावर होतं. लांबच लांब वॉर्ड, एक बाजू पूर्ण उघडी, कारण मोकळी हवा हेच अर्धं औषध मानलं जायचं. पहाटे काखेत थर्मामीटर, मग दूध आणि उकडलेली अंडी, मग इंजेक्शन. इंजेक्शनं घेऊन घेऊन कुल्ल्यांची चाळण झाली होती. एक पूड पाण्यातून प्यावी लागे, तिच्यानं पोटात ढवळून निघायचं. दुपारी न बोलता पडून राहायचा तास असे. तो तास सगळ्यात वाईट. शेजारची खाट रिकामी झाली की त्याच वेळी डोक्यात विचार यायचे.

चांगलं काहीच नव्हतं असं नाही. रविवारी इंदू कुंपणापलीकडे उभी राहायची आणि मुलीला उंच धरून तिचा हात हलवायची. एक पोक्त सिस्टर होती, ती सुई टोचण्याआधी त्या जागेवर तळहात ठेवून जरा चोळायची. एवढ्याशानं दिवस बरा जायचा. या दुखण्यात पडलेल्यांना मी आजही सांगतो, असलं काही मिळालं तर ते लक्षात ठेवा.

आणि केरबा होता. केरबा चिंचवडजवळच्या माण गावचा. दगडाची बैलगाडी हाकायचा. पिंपरीच्या कितीतरी कारखान्यांच्या पायाचा दगड त्याच्या गाडीतून आला होता. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला अहोजाहो. मी टाइम ऑफिसातला म्हणून त्यानं मला टाइमसायेब करून टाकलं होतं. डॉक्टर फेरीला आले की म्हणायचा, सायेब, टाइम लावा, डाक्तर उशिरा आलं. आपले बैल भावकीतल्या कोणाकडे बांधलेत, तो त्यांना पोटभर घालत नसणार, या काळजीत असायचा. बायकोची आठवण येते का विचारलं तर म्हणायचा, तिला तोंड हाय, ती मागून खाईल, बैलांनी काय करावं.

त्याची खाट शेवटची, खिडकीजवळची. तिचा नंबर चव्वेचाळीस होता. माझी त्रेचाळीस.

हे मी पहिल्याच दिवशी पाहिलं. माझ्यात आणि माझ्या आकड्यात एका हाताचं अंतर. मला वाटलं, मी चुकीच्या खाटेवर झोपवला गेलो आहे आणि इथे पडून बरा होणार नाही. मी सिस्टरला खाट बदलून मागितली. दोन दिवसांनी ती म्हणाली, जमत नाही.

बिल्ले

महिन्यातून एकदा थुंकीची तपासणी असायची. आदल्या दिवशी वॉर्डबॉय प्रत्येक खाटेजवळ झाकणाचा पांढरा डबा ठेवून जायचा. डब्याच्या कडीला तारेनं पत्र्याचा बिल्ला अडकवलेला असे, त्यावर खाटेचा नंबर. सकाळचा पहिला बेडका त्यात टाकायचा. डबे गोळा होऊन तपासायला जायचे. लागोपाठ तीन महिने जंतू दिसले नाहीत तर घरी सोडायचे.

तोवर आम्हा दोघांच्याही थुंकीत जंतू निघत होते. तपासणीचा दिवस आला तसं माझ्या मनानं घेतलं की आपल्या डब्यावर चव्वेचाळीसचा बिल्ला असला तर थुंकी स्वच्छ येईल. मी केरबाला विचारलं. तो हसला.

"घ्या की सायेब. पत्रा हाय, सोनं न्हाई."

मी त्याचा बिल्ला माझ्या डब्याला अडकवला आणि माझा त्याच्या डब्याला. माझी थुंकी स्वच्छ आली तरी ती केरबाच्या नावावर जमा होईल, हे मला सुचलं नाही. जन्माचा टाइमकीपर मी, आणि मला हे सुचलं नाही. माझं सगळं लक्ष आकड्यावर होतं.

चार दिवसांनी डॉक्टर कागद घेऊन फेरीला आले. त्रेचाळीसपाशी थांबून म्हणाले, तुमची थुंकी या वेळी स्वच्छ आहे. मग चव्वेचाळीसकडे वळून मान हलवली. यात अजून आहेत.

मला कळायला एक क्षणसुद्धा लागला नाही. जंतू निघाले होते ते चव्वेचाळीसच्या डब्यात, म्हणजे माझ्या थुंकीत. स्वच्छ झाला होता तो केरबा. माझ्या आकड्यानं मला काही दिलं नव्हतं. वर्षानुवर्षं जपलेला तो विश्वास डॉक्टर पुढच्या खाटेकडे जाईपर्यंत संपला. आता तोंड उघडायला हवं होतं. डॉक्टर, बिल्ले बदललेत, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी मान खाली घालून हसलो.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा केरबाकडे बिल्ला मागितला. त्याच्या पुढच्या महिन्यातही. आकड्याचं वेड म्हणून मला माफ करता येईल ते फक्त पहिल्या वेळी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मी आकड्यावर काडीचा विश्वास ठेवत नव्हतो. मला केरबाची थुंकी हवी होती. त्याला मात्र मी सांगत होतो, अरे, माझा आकडा लाभतोय, दे की. आणि तो देत होता, आणि मला गुण येतोय म्हणून खूष होत होता. त्याला अक्षरओळख नव्हती. डब्यावरचा पत्रा पाहूनच माणसाचं ठरतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला ते सगळ्यात चांगलं माहीत होतं.

तीन महिने झाले, मला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, फोटो अजून मनासारखा नाही, पण थुंकी स्वच्छ आहे आणि खाटेसाठी माणसं थांबली आहेत. टाइम ऑफिसात माझी जागा अजून होती. लोकांनी पेढे मागितले आणि म्हणाले, तारलं बुवा चव्वेचाळीसनं. मी होय म्हणालो.

विचारलं तेव्हा

थोड्याच दिवसांनी फेरतपासणीसाठी सॅनिटोरियमला गेलो. केरबाची पुढची थुंकी अजून घेतली गेली नव्हती. मला पाहून तो उठून बसला. त्याचं अंग भरलं होतं, खोकला जवळजवळ थांबला होता. म्हणाला, ऑपरेशन ठरलंय, उजव्या अंगाच्या फासळ्या काढणार, म्हणजे आतलं रोगट फुप्फुस दबून बसेल. बाहेरून मोठे सर्जन येतात, त्यांच्या या खेपेला त्याचा नंबर लागला होता.

"डाक्तर म्हनत्यात, फोटू ब्येस हाय पर थुंकी लबाड हाय. कुटंतरी दडून बसलंय." मग त्यानं आवाज खाली आणला. "सायेब, मला लई भ्या वाटतंय. तुमी शिकल्यालं हाय. करू का नको, तुमी सांगा."

डॉक्टर तिथून दहा पावलांवर, आपल्या टेबलाशी बसले होते. मला दिसत होते. आज हे लिहितानाही दिसतात. मी उठलो असतो तर त्यांनी मला परत खाटेवर घातलं असतं, नोकरी गेली असती, इंदूनं पुन्हा ओढ्यावरून पाणी आणलं असतं. यापेक्षा जास्त काही झालं नसतं. हे सगळं मी त्याच्यासमोर बसून तोलून पाहिलं, आणि म्हणालो,

"डॉक्टर सांगतात तसं कर, केरबा."

त्यानं मान डोलावली. त्याला बरं वाटलं, कारण मी सांगितलं होतं.

माझं परतणं

ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या त्याच्या थुंक्या स्वच्छ आल्या, आणि ऑपरेशनचा गुण आला असं डॉक्टरांसकट सगळे म्हणाले. हे मला मागाहून त्याच वॉर्डातल्या एकाकडून कळलं.

मला चारच महिन्यांत पुन्हा ताप भरला. या वेळी मी दुसऱ्या ठिकाणी गेलो, कारण जुन्या डॉक्टरांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. तिथले डॉक्टर पुन्हापुन्हा विचारत, तीनदा स्वच्छ आली होती ना? मी होय म्हणायचो. मधल्या काळात मुलीच्या मानेला गाठी आल्या. त्या माझ्याकडून आल्या. ती बरी झाली, पण मानेवर वण राहिला, आणि लहानपणी ती तो वेणीखाली झाकायची. इंदू म्हणायची, कुठून लागलं हो हे पोरीला, तुम्ही तर बरे होऊन आला होता. ती गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं.

तोवर नव्या गोळ्या आल्या होत्या. त्या मी एकही न चुकवता घेतल्या आणि खरा बरा झालो. दवाखान्यात मी जी गोष्ट सांगतो ती इथून सुरू होते. यापुढे तिथल्या लोकांना एक गोष्ट जास्त सांगणार आहे. रिपोर्ट वाईट आला तर तो आपला म्हणून हातात घ्या. तो दुसऱ्या कोणाला देऊ नका.

माण

बरा झाल्यावर एका सुट्टीला मी सायकल काढली आणि माणला गेलो. तेव्हा तिकडे नुसती शेतं आणि बैलगाडीची चाकोरी होती. केरबाचं घर कोणीही दाखवलं.

तो दारात घोंगडी टाकून बसला होता. उजवा खांदा खाली उतरला होता आणि त्या बाजूला सदरा पोकळ लोंबत होता. बैल विकले होते. जड काम होत नव्हतं. बायको रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आणि त्या दिवशी खाडा करून घरी होती. मला पाहताच तो ओरडला, "आगं, टाइमसायेब आलं, च्या टाक." मग हसत म्हणाला, उठाया येळ लागतो सायेब, गाडीचा येक दांडा काढलाय.

मी सगळं ठरवून आलो होतो. वाटेत दोनदा उतरून, शब्द मनाशी म्हणून पाहिले होते. मी खाली बसलो, म्हणालो, केरबा, एक सांगायचं आहे, ते बिल्ले. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"न्हाई, आदी मी बोलतो. लई दिस मनात हाय." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "तुमी खाट मागितली व्हती. सिस्टरनं मला इचारलं, त्रेचाळीसवाल्याला तुजी जागा पायजे, देतोस का. मी न्हाई म्हनलो. खिडकीतनं सडक दिसायची, दगडाच्या गाड्या जायच्या, त्येवढ्यापायी. तुमचा आकडा मी अंगाखाली दाबून झोपलो. म्हून हे झालं." त्यानं उजव्या कुशीवरून हात फिरवला. "ज्याचं त्याला द्यावं मानसानं. सायेब, तुमी मनात ठिऊ नका."

त्याचे डोळे भरून आले होते. माझा आकडा मी केव्हाच टाकून दिला होता आणि तो त्यानं उचलून आपल्या छातीला लावून घेतला होता. हा सांगण्याचा क्षण होता, यापेक्षा सोपा क्षण मला कोणी दिला नसता.

मी म्हणालो, "जाऊ दे, केरबा."

त्यानं दीर्घ श्वास सोडला आणि आत वळून म्हणाला, "आगं, सायबानं माफ केलं." त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली, कपबशी माझ्यापुढे ठेवली आणि पदर सावरून माझ्या पाया पडली. मी तो चहा प्यायलो.

केरबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. माण माझ्या घरापासून सायकलच्या टप्प्यात होतं, पुढे तर बसही सुरू झाली. मी पुन्हा गेलो नाही. तो गेल्याचं मला माणच्याच एका माणसाकडून कळलं, तेही त्याचं सगळं आटोपल्यानंतर.

वाटेत मनाशी म्हणून पाहिलेले शब्द अजून पाठ आहेत. फार नव्हते. केरबाभाऊ, तुमची थुंकी स्वच्छ होती. जंतू माझ्या थुंकीत होते. तुम्ही बरे झाला होता, तुमच्या फासळ्यांना हात लावायचं काही कारण नव्हतं, आणि तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. मला माफ करा.